आरोपी अवयव

ओटीपोटातल्या जुनाट दुखण्यावरचे उपचार आपल्याकडे एका गृहीतकावर चालतात. दुखतंय म्हणजे तिथला कुठला तरी अवयव बिघडलाय. तो शोधा, त्याला औषध द्या आणि तरीही ऐकला नाही तर काढून टाका. पेशंट पुरुष असेल तर आरोपी ठरते प्रोस्टेट ग्रंथी, बाई असेल तर गर्भाशय. रिपोर्टांत यांच्यावर काहीच सिद्ध झालं नाही, की पिंजऱ्यात पेशंटचं मन उभं केलं जातं. हे गृहीतक बहुतेक वेळा चुकीचं आहे आणि वैद्यकशास्त्राला हे निदान वीस वर्षांपासून माहीत आहे. तरीही ते टिकून आहे, कारण ते दवाखान्याच्या, विमा कंपनीच्या आणि घरच्यांच्या सोयीचं आहे. ज्याचं दुखतं त्याच्या मात्र सोयीचं नाही.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअर कंपनीत खुर्ची उबवणारा अठ्ठावीस वर्षांचा माणूस आहे. गेली तीन वर्षं मला हे दुखणं आहे. बसलं की वृषणांच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे लिंबाएवढं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. लघवी झाल्यावर आग होते, माकडहाडापाशी ओढ लागते. हिंजवडीपर्यंत बाईकवर जायचं म्हणजे अर्ध्या रस्त्यापासून मी पेडलवर उभा राहून जायचो. पहिल्या चौदा महिन्यांत मी तीन युरॉलॉजिस्ट पाहिले. लघवीचं कल्चर चार वेळा झालं आणि चारही वेळा 'नो ग्रोथ' असं आलं. सोनोग्राफीत प्रोस्टेट 'किंचित वाढलेली', जी माझ्या वयाच्या कुणाचीही निघू शकते. एवढ्या भांडवलावर मला अँटिबायोटिकचे पाच कोर्स देण्यात आले. त्यातले दोन चार-चार आठवड्यांचे होते.

जंतू सापडत नसताना जंतूंना मारायचं औषध पाच वेळा का? मी तिसऱ्या खेपेला विचारलं. "असतील कुठेतरी दडून," असं उत्तर आलं. आमच्या धंद्यात कुणी असं बोललं तर त्याला हसतील. लॉगमध्ये काही दिसत नाही, तरी तोच सर्व्हर पाचव्यांदा रिस्टार्ट करतोय आणि विचारलं तर सांगतोय की बग दडून बसलाय. पण इथे सर्व्हरच्या जागी माणसाचं शरीर होतं, म्हणून कुणी हसलं नाही.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली प्रोस्टेटायटिसचे चार प्रकार ठरवले. पहिले दोन जंतुसंसर्गाचे, एक अचानक उद्भवणारा आणि एक जुनाट. चौथ्यात त्रासच नसतो. दुसऱ्या कशासाठी तपासताना तो सापडतो. तिसऱ्या प्रकारात दुखणं असतं, पण जंतू मिळत नाहीत. त्याच्या नावातच 'जुनाट पेल्विक वेदनेचा सिंड्रोम' असे शब्द आहेत. प्रोस्टेटायटिसचा शिक्का बसलेल्या दहा पुरुषांतले साधारण नऊ जण या तिसऱ्या प्रकारात येतात. म्हणजे ज्या आजाराला आपण प्रोस्टेटचा संसर्ग म्हणून औषध देतो, तो बहुतेकांच्या बाबतीत संसर्ग नसतो आणि प्रोस्टेटचाच असतो असंही खात्रीने म्हणता येत नाही.

औषधांचीही परीक्षा झालेली आहे. २००४ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये १९६ पुरुषांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना सिप्रोफ्लॉक्सॅसिन, काहींना टॅमसुलोसिन, काहींना दोन्ही आणि काहींना नुसती खोटी गोळी, असे सहा आठवडे. खोट्या गोळीपेक्षा कशानेच म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये २७२ पुरुषांवर अल्फुझोसिनचा प्रयोग आला. त्याचीही तीच गत. पहिल्या प्रयोगातले बरेच पुरुष आधीच उपचार करून थकलेले होते, तेव्हा नव्या दुखण्याला एक कोर्स देऊन पाहणं मी समजू शकतो. पण कल्चर कोरं असताना दुसरा, तिसरा, पाचवा कोर्स कशाच्या आधारावर?

या औषधांनी नुकसान तरी काय होतं, असं कुणी म्हणेल. मला ज्या गटातली औषधं दिली गेली त्या फ्लुरोक्विनोलोन गटावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली स्नायुबंध दुखावण्याचा आणि तुटण्याचा चौकटीतला इशारा छापायला लावला. २०१६ साली तो आणखी कडक केला: स्नायुबंध, स्नायू, सांधे, नसा आणि मेंदू यांच्यावर गंभीर आणि कायम टिकू शकणारे परिणाम. शिवाय आपल्या देशात याच गटातली लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधं नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर वापरावी लागतात. ती चण्याफुटाण्यांसारखी वाटायची चैन आपल्याला परवडणारी नाही.

मग दुखतं ते काय? माकडहाडापासून पुढच्या जघनास्थीपर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गुदाशय आणि बायकांत गर्भाशय या झोळीवर विसावलेलं असतं. इंग्रजीत तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. लघवी आणि शौच रोखताना ती आवळते, करताना सैल होते. ही झोळी सतत आवळलेली राहिली तर तिच्यात गाठी धरतात. मानेत उसण भरली की डोकं दुखतं, तसं या गाठींचं दुखणं वृषणांत, मूत्रमार्गात, योनीत, मांडीत किंवा कमरेत उतरतं. प्रत्येकाच्या दुखण्याचं मूळ या स्नायूंत असतं असं नाही. पण ते तपासायला एक हातमोजा, एक बोट आणि पाच मिनिटं लागतात. चौदा महिन्यांत तिघांपैकी एकानेही ती पाच मिनिटं दिली नाहीत. प्रोस्टेट बोटाने तपासली गेली, पण तिच्या आजूबाजूचा स्नायू दाबून "इथे दुखतंय का?" असं कुणी विचारलं नाही.

उलट एकाने मला केगेलचे व्यायाम करायला सांगितले. केगेल म्हणजे हेच स्नायू आवळून बळकट करणं. आधीच आवळलेल्या मुठीला आणखी घट्ट आवळायला सांगण्यासारखं ते आहे. मूत्राशयाच्या वेदनेचा असाच एक जुनाट आजार आहे, इंटरस्टिशियल सिस्टायटिस. त्यावर अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय: हे स्नायू बळकट करणारे व्यायाम टाळा, ते हाताने सैल करणारी फिजिओथेरपी द्या आणि दीर्घकाळ अँटिबायोटिक देऊ नका. तीनही गोष्टी आपल्याकडच्या रिवाजाच्या बरोबर उलट्या आहेत.

आता बायकांकडे येऊ, कारण त्यांच्या वाट्याला याच गृहीतकाची जास्त क्रूर आवृत्ती येते. माझ्या मावसबहिणीला पाळीत असह्य कळा यायच्या. पुढेपुढे पाळी नसतानाही ओटीपोट दुखायचं. विसाव्या वर्षी तिला सांगितलं गेलं, "सगळ्यांनाच होतं." चोविसाव्या वर्षी, "लग्न झालं की कमी होईल." लग्न झाल्यावर, "एक मूल होऊ दे, बघ कसं पळून जातं." एकोणतिसाव्या वर्षी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा एंडोमेट्रिओसिस निघाला. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालं गर्भाशयाबाहेर वाढण्याचा हा आजार जगात प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहातल्या एका बाईचा आजार ओळखायला नऊ वर्षं लागत असतील, तर त्याला दुर्मीळ आजारातली चूक म्हणता येणार नाही. ती सवय आहे.

आणि लग्नाचं औषध फक्त तिलाच मिळालं नाही. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग होईल सगळं ठीक." अवयवावर आरोप सिद्ध झाला नाही की आपल्या समाजात हा शेवटचा उपाय निघतो. बाईला मूल, पुरुषाला बायको. या औषधाचे दुष्परिणाम दुसऱ्या माणसाला भोगावे लागतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

एंडोमेट्रिओसिसमध्ये आजार डोळ्यांनी दिसतो, तेव्हा इथे तरी अवयवाचा दोष आहेच, असं म्हणता येईल. आहे. तो नाकारणं मूर्खपणा होईल आणि नीट केलेल्या शस्त्रक्रियेने अनेकींना आराम पडतो. पण सगळं दिसणारं काढूनही काहींचं दुखणं उरतं. वर्षानुवर्षं कळ सोसून झोळीचे स्नायू आवळलेले असतात आणि मज्जासंस्था तल्लख झालेली असते. एकदा चोर येऊन गेला की घरातलं कुत्रं पुढे दूधवाल्यावरही भुंकतं, तसं. अशा वेळी पुन्हा पोट उघडून चोर शोधण्यात अर्थ नसतो. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०१७ साली अशा वेदनेला वेगळं नाव दिलं आणि १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जुनाट वेदनेला स्वतःचा कोड मिळाला. वेदना हे दर वेळी दुसऱ्या आजाराचं लक्षण असतं असं नाही, कधी ती स्वतःच आजार असते, हे आता कागदोपत्री मान्य आहे. आपल्या ओपीडीत ते पोचलेलं नाही.

जिथे ते पोचत नाही तिथे काय होतं याचं महाराष्ट्रातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सहातली एक. त्यातल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. त्या दवाखान्यात गेल्या होत्या ओटीपोट दुखतं म्हणून, अंगावरून पांढरं जातं म्हणून, पाळीत फार जातं म्हणून. यातल्या कितीतरी तक्रारी साध्या औषधांनी बऱ्या होण्यासारख्या असतात. कोपीत राहायचं, संडास नाही, धुवायला पाणी नाही, दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहायच्या. तिथे संसर्गही होणार आणि स्नायूही दुखावणार. पण उपचार झाला तो गर्भाशयावर. पुढे कॅन्सर होईल ही भीती घातली गेली आणि खाडा केला तर मुकादम पैसे कापणार हा धाक होताच.

यातली विसंगती पाहा. मला संसर्ग नव्हता आणि मला पाच वेळा संसर्गाचं औषध मिळालं. ज्या बायकांना संसर्ग असण्याची दाट शक्यता होती त्यांना औषधाऐवजी सुरी मिळाली. दोन्हीकडे तपासण्याचा वेळ वाचवला गेला. फरक एवढाच की माझ्याकडे पगार, रजा आणि चौथ्या डॉक्टरकडे जायची ऐपत होती. म्हणून माझं नुकसान काही महिन्यांचं आणि त्यांचं जन्माचं.

हे फक्त बीडचं दुखणं नाही. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. त्या याचिकेत राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे पैसे लाटण्यासाठी झालेल्या शस्त्रक्रियांचीही तक्रार होती. खरी मेख इथे आहे. विम्याला भरती झालेला पेशंट कळतो, कापलेला अवयव कळतो, त्याचं पॅकेज ठरलेलं असतं. पंचेचाळीस मिनिटं बसून पेशंटचं ऐकणं आणि बारा आठवडे दर आठवड्याला स्नायू सैल करणं याचं पॅकेज नसतं. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत शस्त्रक्रियेला पाच लाखांचं संरक्षण आहे. फिजिओथेरपीला, भरती न होता घेतली तर, शून्य.

मला शेवटी काय लागू पडलं ते सांगतो. प्रत्येकाला हेच लागू पडेल असा दावा नाही. चौथ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक बंद केलं आणि पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्यांनी आतून एक जागा दाबली आणि तीन वर्षं ज्याला मी वृषणाचं दुखणं म्हणत होतो ते तिथून निघालं. पुढचे काही महिने आठवड्यातून एकदा त्या गाठी सैल करणं, पोटाने श्वास घेणं, टबात कोमट पाणी घेऊन बसणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं, दर चाळीस मिनिटांनी खुर्चीतून उठणं. रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा, कारण झोप उडाली की दुखणं वाढायचं. आणि समुपदेशन, कारण बसण्याचीच भीती बसली होती. या आजारासाठी ० ते ४३ गुणांची एक प्रश्नावली आहे. माझे गुण २९वरून ११वर आले. शून्यावर आलेले नाहीत. रिलीजच्या आठवड्यात अजूनही दुखतं, पण आता मला त्याचं काय करायचं ते कळतं.

या फिजिओथेरपीला पुरावा किती, हा रास्त प्रश्न आहे. २००९ सालच्या अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात ४७ स्त्री-पुरुष होते. स्नायूंवर नेमकं काम केलेल्यांपैकी ५७ टक्क्यांना आराम पडला, साधा मसाज केलेल्यांपैकी २१ टक्क्यांना. २०१२ साली ८१ बायकांवरच्या प्रयोगात हे आकडे ५९ आणि २६ टक्के होते. प्रयोग लहान आहेत आणि हाताने करायच्या उपचाराची खोटी गोळी बनवता येत नाही. पण ज्या अँटिबायोटिकच्या बाजूने एवढंही नाही ते डोळे झाकून लिहिलं जातं, आणि फिजिओचं नाव काढलं की पुरावा मागितला जातो. तराजू दोघांना एकच लावा.

"म्हणजे तुझं मनाचंच होतं," असं समुपदेशनाचं ऐकल्यावर एका मित्राने मला सांगितलं. ताण वाढला की माझे स्नायू आवळतात हे खरं आहे. ताणाने रक्तदाबही वाढतो, म्हणून रक्तदाब खोटा ठरत नाही. 'मनाचं आहे' हे वाक्य आपल्याकडे निदान म्हणून कमी आणि हकालपट्टी म्हणून जास्त वापरलं जातं. मनाचा भाग आहे असं खरंच वाटत असेल तर त्यावर उपचार द्या. तो न देता पेशंटला घरी पाठवणं म्हणजे बग सापडला नाही म्हणून तक्रार बंद करून टाकणं.

डॉक्टरांची बाजू मला कळते. बाहेर साठ पेशंट बसलेले असतात आणि पेशंटलाही गोळीच हवी असते. गोळीविना चिठ्ठी दिली तर तो पुढच्या दवाखान्यात जातो. शिवाय आम्ही नीट सांगतही नाही. मराठीत वेदनेला किती शब्द आहेत: कळ, ठणका, चमक, ओढ, ठसठस, आग, शिणशिण. पण कमरेखालची गोष्ट निघाली की ही सगळी श्रीमंती संपते आणि "खाली दुखतंय" एवढंच उरतं. पुरुषाने याहून जास्त बोलायचं तर एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोगतज्ज्ञांशी, जे दर मंगळवारी कुठल्यातरी लॉजवर भेटतात. बाईने बोलायचं तर तेही सोबत आलेल्या सासूसमोर. हे सगळं खरं आहे. पण न बोलणाऱ्या पेशंटला प्रश्न विचारून बोलतं करणं हा तपासणीचाच भाग आहे. नेमकं कुठे, बसल्यावर की उठल्यावर, लघवीआधी की नंतर, संबंधानंतर का, पाळीशी नातं आहे का, हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही.

म्हणून मागण्याही यंत्रांच्या नाहीत. लघवीचं कल्चर दोनदा कोरं आलं तर तिसऱ्या अँटिबायोटिकचं कारण चिठ्ठीवर लिहा. तीन महिन्यांवर ओटीपोट दुखत असेल तर स्त्री असो वा पुरुष, परवानगी घेऊन स्नायू तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं मानू नका. कॅन्सर किंवा जिवावरचं कारण नसताना गर्भाशय काढायचं असेल तर आधी कोणते पर्याय दिले हे तिच्या भाषेत लेखी द्या आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. विमा कंपन्यांनी शस्त्रक्रियेला जे संरक्षण दिलंय त्याचा विसावा भाग तरी भरती न होता घेतलेल्या फिजिओथेरपीला द्यावा. कितीतरी शस्त्रक्रिया वाचतील. फिजिओथेरपी महाविद्यालयांनी हा विषय शिकवावा आणि जिल्हा रुग्णालयांत तो येणारा एक तरी माणूस असावा. आज तो पुण्यात शोधावा लागतो, माजलगावात त्याचं नावही कुणी ऐकलेलं नसेल.

आणि ज्यांचं दुखतं त्यांना दोन गोष्टी. लघवीतून रक्त जात असेल, थंडी-ताप असेल, लघवी अडली असेल, वजन आपोआप उतरत असेल, पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव झाला असेल किंवा वृषण अचानक जोरात दुखायला लागलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठा. यातलं काही नसेल आणि रिपोर्ट पुन:पुन्हा चांगले येत असतील, तर पुढच्या खेपेला चिठ्ठी हातात घेण्याआधी एवढंच विचारा: "तुम्ही माझे स्नायू तपासलेत का?" उत्तर "नाही" असेल, तर तपासणी अजून बाकी आहे.